वाळवंटातील लग्न : विकली जाते ती योजना

इंग्रजीत 'इलोपमेंट' असा एक शब्द आहे. शब्दकोशात पाहिले तर त्याचा अर्थ घरच्यांना न सांगता पळून जाऊन केलेले लग्न असाच सापडेल, आणि तो वाचून आपल्यापैकी बहुतेकांच्या कपाळाला आठ्या पडतील. पण बाजारात शब्दांचे अर्थ बदलतात. अमेरिकेतील लग्नाच्या धंद्यात आज हा शब्द निराळ्या अर्थाने चालतो. वधू-वर, लग्न लावणारा, साक्षीदार आणि जवळची पाच-दहा माणसे एवढ्यांतच, मंगल कार्यालयाऐवजी डोंगरात, समुद्रकिनारी किंवा वाळवंटात लावलेले लग्न म्हणजे इलोपमेंट. पुष्कळदा घरच्यांच्या संमतीनेच ते होते आणि मोठे जेवण नंतर गावात दिले जाते. मशिदीत साधेपणाने निकाह आणि वलीमा दुसऱ्या दिवशी, ही पद्धत आपल्याला परकी नाही. २०२० च्या साथीत मोठ्या समारंभांवर बंधने आली तेव्हा या छोट्या लग्नांना आणखी चालना मिळाली.

व्यापारी आणि कारागीर बांधवांनी याकडे लक्ष द्यावे, कारण येथे पाहुणे थोडे असले तरी काम थोडे नसते. हॉल नाही, पंगत नाही, मांडव नाही. मग गिऱ्हाईक पैसे कशाचे देते? छायाचित्रांचे, पोशाखाचे आणि सर्वांत अधिक योजनेचे. नाव पळून जाण्याचे असले तरी यात आयत्या वेळी काहीच जमत नाही. कॅलिफोर्नियातील जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यान हे अशा लग्नांसाठी प्रसिद्ध असलेले वाळवंटी उद्यान. तेथील रीत समजून घेतली, तर हा धंदा कशावर उभा आहे ते कळते.

जागा कशी आहे?

हे उद्यान लॉस एंजेलिसच्या पूर्वेस सुमारे १४० मैलांवर, म्हणजे सव्वादोनशे किलोमीटरवर आहे. १९३६ मध्ये राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी हा प्रदेश राष्ट्रीय स्मारक म्हणून राखून ठेवला. त्यासाठी मिनर्व्हा हॅमिल्टन हॉइट या बाईंनी अनेक वर्षे खटपट केली होती. १९९४ मध्ये त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. क्षेत्रफळ सुमारे ३२०० चौरस किलोमीटर. मोहावी आणि कोलोरॅडो ही दोन वाळवंटे येथे एकमेकांना भिडतात. पश्चिमेकडील उंच भागात जोशुआची झाडे आणि ग्रॅनाइटच्या गोलसर खडकांच्या राशी, तर पूर्वेकडील सखल भागात निवडुंग आणि काटेरी झुडपे.

जोशुआ हे खरे तर रूढ अर्थाने झाड नव्हे, ती युका जातीची वनस्पती आहे. वर पसरलेल्या फांद्या पाहून मॉर्मन वसाहतवाल्यांना दुआसाठी हात उचललेले पैगंबर जोशुआ आठवले आणि त्यावरून हे नाव पडले असे सांगतात. आपल्याकडे त्यांनाच हजरत यूशा बिन नून म्हणतात. हे झाड वर्षाला अर्ध्या इंचापासून तीन इंचांपर्यंतच वाढते. डिसेंबर २०१८ आणि जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकेचे सरकारी कामकाज ठप्प असताना उद्यानात पुरेसे कर्मचारी नव्हते. त्या काळात काही लोकांनी झाडे तोडली, रस्ता सोडून गाड्या घातल्या. ते नुकसान भरून यायला माणसाचे आयुष्यही पुरणार नाही. तेथील नियम कडक का आहेत, ते यावरून समजावे.

परवाना आधी, निमंत्रण नंतर

उद्यानात लग्न लावायचे तर विशेष वापराचा परवाना लागतो. माणसे चार असोत की चाळीस, परवान्यातून सुटका नाही. अर्जाबरोबर शुल्क भरावे लागते आणि बेत बदलला तरी ते परत मिळत नाही. लग्न कोठेही लावता येत नाही. उद्यानाने काही ठराविक जागा नेमून दिल्या आहेत, आणि प्रत्येक जागी किती माणसे व किती गाड्या चालतील याची मर्यादाही ठरलेली आहे. म्हणून आधी जागा, मग परवाना आणि त्यानंतर पाहुण्यांची यादी हा क्रम पाळावा. अनेक जोडपी नेमकी उलटी चाल करतात. माणसे बोलावून बसतात आणि मग मनाजोगती जागा हातची जाते.

परवाना मिळाला म्हणजे जागा आपली झाली असेही नाही. ती सार्वजनिकच राहते. मागून सहलीची मंडळी गेली तर त्यांना अडवता येत नाही. तांदूळ, दाणे, फुलांच्या पाकळ्या, कागदाचे तुकडे उधळणे बंद. झाडाला काही बांधणे, त्यावर चढणे किंवा टेकणे बंद. ड्रोन उडवण्यास अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत २०१४ पासूनच मनाई आहे.

नुसती छायाचित्रे काढायची असतील तर बाब थोडी सोपी आहे. जानेवारी २०२५ मध्ये झालेल्या कायद्यानुसार मंडळी थोडी असतील, साहित्य हातात उचलून नेण्याजोगे असेल, जागा सर्वांसाठी खुली असेल आणि कोणाला अडथळा होत नसेल, तर उद्यानात छायाचित्रणासाठी सहसा वेगळा परवाना लागत नाही. मात्र दोन शब्द बोलून अंगठ्या घालण्याचा विधीही लग्नातच मोजला जातो, हे विसरू नये. प्रवेश शुल्क निराळे. २०२५ मध्ये ते खासगी मोटारीमागे ३० डॉलर होते आणि सात दिवस चालत होते.

कागद पक्का तर लग्न पक्के

छायाचित्र कितीही सुंदर आले तरी कागद नसेल तर कायद्याच्या दृष्टीने लग्न झालेले नाही. उद्यानाचा परवाना आणि विवाहाचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विवाहाचा परवाना काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या कारकुनी कार्यालयातून मिळतो आणि त्यासाठी वधू-वर दोघांनी ओळखपत्रासह स्वतः हजर राहावे लागते. तेथील रहिवासी किंवा नागरिक असण्याची अट नाही. परवाना ९० दिवस चालतो. सर्वसाधारण परवान्यावर किमान एका साक्षीदाराची सही लागते. लग्न लावणाऱ्याने भरलेला कागद १० दिवसांच्या आत काउंटीकडे परत पाठवायचा असतो. हा कागद गाडीच्या कप्प्यात राहून गेला, तर पुढे मनस्ताप ठरलेला.

कॅलिफोर्नियाच्या कायद्यात न्यायाधीशांप्रमाणेच कोणत्याही धर्मपंथाच्या अधिकृत व्यक्तीला लग्न लावता येते, त्यामुळे इमामसाहेबांनी लावलेला निकाह तेथे नोंदवता येतो. निकाह असेल तर सरकारी एक साक्षीदार पुरणार नाही. दोन साक्षीदार, वधूचे वली आणि निकाह पढवणारे एवढी माणसे पहिल्यापासून गणतीत धरावीत. मेहरची रक्कम घरीच लिहून ठरवून न्यावी, वाऱ्यात कागद धरून चर्चा करू नये.

तेथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा दाखला पुढे भारतात दाखवायचा असेल, तर प्रमाणित प्रत घेऊन त्यावर कॅलिफोर्निया राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट यांच्या कार्यालयाचे अपोस्टिल करून घ्यावे. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात आहे.

हंगाम आणि घड्याळ

वसंत आणि शरद हे तेथील चांगले हंगाम. या दिवसांत दुपारचे तापमान सरासरी २९ अंश आणि रात्रीचे १० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. हिवाळ्यात दिवसा १५ अंश, रात्री गोठवणारी थंडी. उन्हाळ्यात पारा ३८ अंशांच्या वर जातो. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात वादळी पाऊस होऊन कोरड्या ओढ्यांना अचानक पूर येतो आणि रस्ते बंद पडतात. वसंतात फुले असतात, तशीच गर्दीही असते. अलीकडच्या वर्षांत येथे वर्षाला सुमारे ३० लाख लोक येतात. शनिवार-रविवारी पश्चिम दरवाजावर गाड्यांची रांग लागते. म्हणून मंगळवार किंवा बुधवार निवडणारे जोडपे शहाणे समजावे.

आता प्रकाशाचा हिशेब. वाळवंटातील हवा कोरडी आणि स्वच्छ असल्याने दुपारचे ऊन थेट अंगावर येते. डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात, पांढऱ्या कपड्यावरील वीण दिसेनाशी होते. सूर्य मावळण्याआधीचा तासभर ऊन तिरपे आणि सोनेरी असते. खडकांना उठाव येतो आणि चेहऱ्यावर मऊ उजेड पडतो. सूर्य गेल्यावरही वीस-पंचवीस मिनिटे आकाशाचा निळा-जांभळा उजेड मिळतो. म्हणजे दिवस कितीही मोठा असला तरी छायाचित्रकाराच्या हातात खरा वेळ सव्वा ते दीड तासाचा.

मावळतीची वेळ महिन्यागणिक बदलते. जूनच्या अखेरीस ती रात्री आठच्या सुमारास, मध्य ऑक्टोबरात सहा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास, तर डिसेंबरच्या सुरुवातीस पावणेपाचच्या आतच. त्यात आणखी एक मेख आहे. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे करतात. ऑक्टोबरात जागा पाहून नोव्हेंबरच्या मध्याचे वेळापत्रक त्याच घड्याळावर आखले, तर वधू तयार होऊन पोचेपर्यंत अंधार पडलेला असेल. शिवाय पश्चिमेला डोंगर असेल तेथे ऊन पंचांगातील वेळेच्या आधीच जाते. जागा त्याच वेळी जाऊन डोळ्यांनी पाहावी, ती यासाठीच.

एका दिवसाचे वेळापत्रक

वेळापत्रक सकाळपासून पुढे न लिहिता मावळतीपासून मागे लिहितात. समजा तारीख मध्य ऑक्टोबरची आहे आणि मुक्काम उद्यानाबाहेरील गावात आहे.

६.१० – सूर्यास्त.
५.२० ते ६.१० – फक्त वधू-वरांची छायाचित्रे.
४.५० ते ५.२० – कुटुंबाची छायाचित्रे. वृद्ध मंडळींना आधी मोकळे करावे.
४.२० ते ४.५० – विधी आणि कागदावर सह्या.
३.५० – सर्व गाड्या जागेवर.
२.४५ – मुक्कामावरून निघणे. दरवाजावरील रांगेसाठी वेळ यातच धरला आहे.
दुपारी १२ ते २.३० – वधूची तयारी, जेवण, पाणी.
६.१० ते ६.३५ – निळ्या उजेडातील चार-सहा छायाचित्रे, मग आवराआवर.

यात अर्धा तास कोठेतरी मोकळा ठेवणे ही चैन नाही. कोणाची गाडी चुकते, कोणाचा हार विसरतो. उद्यानात मोबाइल फोन बहुतेक ठिकाणी लागत नाही, त्यामुळे चुकलेल्या पाहुण्याला फोनवर वाट सांगता येत नाही. प्रत्येक गाडीत छापील नकाशा आणि वेळापत्रक द्यावे. आत पेट्रोल नाही, खाणावळ नाही, पाणीही कडेच्या मोजक्या ठिकाणीच. माणशी दिवसाला किमान ४ लिटर पाणी बरोबर न्यावे असे धरतात. गाडीची टाकी बाहेरच भरावी. आलेला कचरा, फुलाची दांडीसुद्धा, परत आणावी.

छायाचित्रकाराची तयारी

उघड्यावर धूळ फार, म्हणून लेन्स बदलणे टाळावे. दोन कॅमेऱ्यांवर दोन लेन्स चढवून न्यावेत. वाऱ्यात छत्री आणि स्टँडचा भरवसा धरू नये. हातात धरलेला छोटा रिफ्लेक्टर आणि एक मदतनीस अधिक कामाचे. एकच चित्र दोन कार्डांवर नोंदवणारा कॅमेरा असावा. हा प्रसंग पुन्हा उभा करता येत नाही आणि त्या सायंकाळी नव्या कार्डासाठी दुकान मिळणार नाही. थंडीत बॅटरी लवकर उतरते, जास्तीची अंगाजवळ ठेवावी. कीज व्ह्यू नावाची ५१८५ फूट उंचीची जागा दृश्यासाठी प्रसिद्ध आहे, पण तेथे वारा झोंबतो आणि खालच्या दरीत धुरकट असले तर दूरचे डोंगर पुसट दिसतात. २०१७ पासून या उद्यानाला आंतरराष्ट्रीय गडद-आकाश उद्यान अशी मान्यता आहे. ताऱ्यांखालचे चित्र हवे असेल तर चंद्र कधी उगवतो ते आधी पाहावे. भर पौर्णिमेला आकाशगंगा दिसत नाही.

शिंपी, जरीवाले आणि इतर कारागीर

आपल्या कारागीर बांधवांचे काम येथे येते. तेथे राहणारी आपली मंडळी लग्नाचे कपडे पुष्कळदा मायदेशातून शिवून नेतात. कपडा वाळवंटासाठी आहे हे शिंप्याला सांगितलेले नसते आणि मग हॉलच्या गालिच्यासाठी केलेला घागरा काट्यांत जातो. चोया नावाच्या निवडुंगाच्या काड्या नुसता स्पर्श झाला तरी सुटून कपड्याला आणि कातडीला चिकटतात. तेव्हा ऑर्डर घेताना चार प्रश्न विचारावेत : जमीन कशी, चालायचे किती, महिना कोणता, वारा किती?

उत्तरे मिळाली की काम सोपे होते. घेर असला तरी लांबी घोट्यापर्यंत ठेवावी किंवा मागचा भाग हुकांनी उचलता येईल असा करावा. जाळीचा कपडा काट्यांत पहिल्यांदा अडकतो, तो खालच्या काठावर लावू नये. ओढणी डोक्यावर टिकण्यासाठी पिनांची जागा आतून पक्की शिवावी आणि काठाला थोडे वजन द्यावे. वारा तिला पतंग करतो. चकाकणाऱ्या टिकल्यांपेक्षा जरदोजी आणि रेशमी वीण तिरप्या उन्हात अधिक खुलते. खडकांचा रंग फिकट तपकिरी-पिवळसर असल्याने गडद लाल, हिरवा, निळा उठून दिसतो; बदामी रंग त्यात मिसळून जातो. डिसेंबरच्या लग्नासाठी त्याच कापडाची शाल जोडीला द्यावी. पादत्राणे सपाट तळाची. उंच टाच वाळूत रुतते.

हिशेब आणि करार

या धंद्यात दर तासांवर सांगितला जात असला तरी हिशेब निव्वळ त्या तासांचा नसतो. जागा आधी पाहून येणे, परवान्याचे कागद समजावणे, वेळापत्रक आखणे, जाण्या-येण्याचा प्रवास, नंतर चित्रे निवडून सुधारणे हे सर्व त्या दरात बसवावे लागते. चार तास कॅमेरा हातात असेल तर बाकीचे काम त्याच्या कित्येक पट होते. नवखा माणूस फक्त चार तासांचे पैसे मागतो, आणि वर्षअखेरीस हाती काही उरत नाही.

करार लेखी हवा. बयाणा किती, उरलेली रक्कम केव्हा, चित्रे किती दिवसांत, परवाना कोणाच्या नावे आणि नियम मोडल्यास दंड कोणाच्या माथी हे स्पष्ट लिहावे. पूर, उष्म्याची लाट किंवा सरकारी कामकाज बंद पडणे अशा कारणांनी तारीख हुकली तर पर्यायी तारीख किंवा पर्यायी जागा कोणती, तेही आधीच ठरवावे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात अमेरिकेचे सरकारी कामकाज पुन्हा ठप्प झाले होते, म्हणजे ही कलमे नुसती शोभेची नाहीत. झाडावर चढून फोटो काढण्याचा हट्ट गिऱ्हाइकाने धरला तर 'नाही' म्हणण्याचा अधिकारही करारात राखून ठेवावा. एका फोटोसाठी मोडलेली फांदी पुढच्या सर्वांच्या परवान्यावर येते.

एक सावधगिरी. पर्यटकाच्या व्हिसावर अमेरिकेत जाऊन धंदा करता येत नाही. कोणी नातेवाईक 'ये, दोन लग्ने काढून जा' म्हणाला तरी जाणकाराला विचारल्याशिवाय तिकीट काढू नये.

आपण काय घ्यावे?

आपल्या राज्यातही लग्नाआधीची छायाचित्रे काढण्यासाठी जोडपी किल्ल्यांवर, धरणांवर, कोकणच्या किनाऱ्यावर जातात. बहुतेक वेळा फोटोग्राफर कॅमेरा घेऊन पोचतो आणि बाकी सर्व नशिबावर सोडतो. भरतीची वेळ माहीत नसते, संरक्षित वास्तूत परवानगी लागेल का याची चौकशी झालेली नसते, वधूला कपडे बदलायला आडोसा नसतो. यांतील एकेक अडचण म्हणजे धंद्याची एकेक संधी आहे. आपल्या तालुक्यातील पाच जागा निवडाव्या. तेथे कोणत्या महिन्यात किती वाजता ऊन कोठून येते, परवानगी कोण देतो, भरती केव्हा, गाडी कोठवर जाते, पाणी आणि नमाजची जागा कोठे, हे वहीत लिहून ठेवावे. छायाचित्रकार, शिंपी, मेहंदीवाली आणि गाडीवाला यांनी मिळून ही वही तयार केली तर चौघांनाही काम मिळेल.

कॅमेरा पैसे टाकले की कोणालाही मिळतो. ही वही मिळत नाही. ती वर्षभर फिरून, पाहून, विचारूनच भरते, आणि गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येते ते तिच्यासाठी.